शून्य रुपयांचे तिकीट कोण भरते?

माणगंगा

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावाहून साध्या एसटीने परतत होतो. पुढच्या तीन आसनी बाकावर आजी, सून आणि शाळेच्या गणवेशातली नात बसली होती आणि मुलगा शेजारी दांड्याला धरून उभा होता. वाहकाने आजींचे आधार कार्ड पाहिले आणि यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून दिले. सुनेचे अर्धे तिकीट निघाले, नातीने पास दाखवला आणि मुलाने पूर्ण पैसे मोजले. आजींनी ते शून्याचे तिकीट चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत जपून ठेवले. मुलगा हसून म्हणाला, "आई, त्याचे पैसे द्यायचे नव्हते, मग जपतीस कशाला?" वाहकाने मान वर न करता उत्तर दिले, "असू द्या. उतरेपर्यंत ते तिकीटच आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. चार जणांच्या त्या कुटुंबात पूर्ण भाडे देणारा माणूस एकच होता. तरीही कोणीही फुकट प्रवास करत नव्हते, कारण आजींचे भाडे शासन महामंडळाला देणे लागते. शून्याचे ते चिटोरे म्हणजे महामंडळाने शासनाला पाठवायच्या बिलाचा एक तुकडा आहे. आपण ज्याला खैरात म्हणतो, ती प्रत्यक्षात शासनाने केलेली तिकिटांची खरेदी आहे.

सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत किंवा परवडेल अशी असावी का, यावर आपल्याकडे वाद झाला की एक बाजू 'फुकटेपणा' म्हणते, दुसरी 'हक्क' म्हणते आणि बिल कशाचे फाडले जाते याकडे दोघांचेही लक्ष नसते. अर्ध्या तिकिटाला माझा विरोध नाही. माझा आक्षेप खरेदीच्या पद्धतीला आहे. शासन तिकिटे विकत घेते, म्हणजे जिथे प्रवासी आधीच पुष्कळ आहेत तिथे जास्त पैसे जातात. तालुका ते जिल्हा या मार्गावरच्या भरलेल्या गाडीत सवलतीची पंचवीस तिकिटे फाटतात आणि त्या गाडीचे बिल मोठे होते. डोंगराच्या कुशीतल्या वस्तीला संध्याकाळी जाणाऱ्या गाडीत सवलतीचे प्रवासी सात असतात, तिचे बिल चहापाण्याइतके होते. पुढे गाड्या कमी पडल्या की कोणती फेरी रद्द होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ती फेरी गेली की त्या सातही जणींची सवलत कागदावर शाबूत राहते आणि त्या वडापच्या, म्हणजे माणशी पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी, जीपला पूर्ण पैसे देऊन घरी जातात.

म्हणून माझा प्रस्ताव असा की शासनाने तिकिटांऐवजी फेऱ्या विकत घ्याव्यात. अमुक गावाला दिवसातून चार गाड्या, त्यांतली एक सकाळी शाळेच्या वेळेला आणि एक संध्याकाळी बाजार उठल्यावर, असे ठरवून त्याचे पैसे महामंडळाला द्यावेत, मग गाडीत सात जण बसोत की सत्तर. भाडे अर्धे ठेवायचे की शून्य करायचे, हा प्रश्न त्यानंतर घ्यावा. पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी १ जून १९४८ रोजी सुटली. 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद पुढे आले, तेव्हा त्यात गावाचा उल्लेख होता, प्रवाशांच्या संख्येचा नव्हता. मंडळींना काय वाटते?

हिशोबनीस

प्रस्ताव आकर्षक आहे, परंतु आधी सध्याचा हिशोब पाहू. ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीची भाडेवाढ १७.१७ टक्के झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. पहिल्या वाढीच्या आधी जे तिकीट शंभर रुपयांचे होते, ते आज साधारण एकशे चौतीस ते पस्तीस रुपयांचे आहे. महिलेला त्याचे सदुसष्ट पडतात, पुरुषाला पूर्ण रक्कम. माणगंगा यांच्या पुढे उभ्या असलेल्या त्या मुलाचा खर्च चार वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक वाढला आणि तो मुलगा काही मोटारीतून फिरणारा नव्हता. वाढ करताना डिझेल, चासी, टायर आणि महागाई भत्ता हे चार घटक धरले जातात. त्या माणसाची मजुरी किती वाढली, हा पाचवा घटक त्या सूत्रात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. एसटीच्या प्रवासी उत्पन्नावर राज्य शासन साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. म्हणजे एका खिडकीवर शासन सवलतीची भरपाई देते आणि शेजारच्या खिडकीवर कर वसूल करते. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी महामंडळाची श्वेतपत्रिका मांडली, तीत संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. अशा संस्थेकडून कर घेऊन तिलाच 'मदत' देण्याच्या बातम्या छापून येतात, तेव्हा लेखापाल म्हणून मला हसावे की रडावे ते कळत नाही. भाडे सर्वांसाठी स्वस्त करण्याचा सर्वांत साधा मार्ग हा कर सोडून देण्याचा आहे. त्यासाठी ना नवी योजना लागते, ना उद्घाटन, आणि बहुधा म्हणूनच तो कोणाला सुचत नाही.

जुना_ट्रे

मी बत्तीस वर्षे वाहक होतो. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि दोन बोटांत पंच, अशी सुरुवात केली आणि शेवटची काही वर्षे यंत्रावर काढली. वरच्या दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे, पण गाडीच्या आत काय घडते ते थोडे सविस्तर सांगतो.

आमच्याकडे भारमान हा शब्द रोजच्या बोलण्यातला. गाडीची जितकी आसने, त्यांपैकी किती भरली, त्याची टक्केवारी. गाडी पंचवीस माणसे घेऊन गेली काय आणि चाळीस घेऊन गेली काय, डिझेल जवळपास तेवढेच जळते, चालक-वाहकाचा पगार तेवढाच असतो आणि टायर तेवढाच झिजतो. म्हणून रिकाम्या आसनावर अर्ध्या तिकिटाची प्रवासी बसली, तर तिने दिलेले पैसे जवळजवळ निव्वळ मिळकत असतात आणि उरलेले अर्धे शासनाकडून येणे निघते ते वेगळेच. अर्ध्या तिकिटानंतर वडापकडे गेलेल्या बायका परत एसटीत आल्या, हे मी निवृत्तीनंतर आमच्या स्थानकाच्या बाकावर बसून रोज पाहिले आहे. ज्या बाई माहेरी वर्षातून दोनदा जात, त्या आता महिन्याला एकदा जातात. त्याला काही जण चैन म्हणतात. मी म्हणणार नाही. आजारी आईला भेटायला जाण्याला चैन म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या मोटारीच्या फेऱ्या मोजाव्यात.

मात्र हे गणित आसन रिकामे असेपर्यंतच चालते. पन्नास आसनांच्या गाडीत पंच्याऐंशी माणसे चढली की दुसरी गाडी काढावी लागते आणि तिथे खर्च एकदम उडी मारतो. सवलत दिली आणि गाड्या वाढवल्या नाहीत, तर गर्दीचा सगळा राग वाहकावर निघतो. पायरीवर उभ्या असलेल्या पुरुषाला वाटते, अर्ध्या तिकिटाच्या बायकांमुळे पूर्ण तिकीट काढून मला उभे राहावे लागते. भांडण खरे तर गाडी न काढणाऱ्याशी असायला हवे, पण तो गाडीत नसतो.

जाता जाता एक बारीक गोष्ट सांगतो. भाडी अकरा, एकवीस अशी झाल्यावर सुट्ट्या रुपयावरून जेवढे वाद झाले, तेवढे सवलतीवरूनही झाले नसतील. धोरण आखणाऱ्या माणसाने एक दिवस सुट्ट्या पैशांची पिशवी गळ्यात अडकवून पाहावी.

डबलडेकर

मुंबईचे उदाहरण या चर्चेत यायलाच हवे, कारण इथे स्वस्त भाड्याचा प्रयोग कोणत्याही गटापुरता न ठेवता सर्वांसाठी झाला. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले आणि वातानुकूलित गाडीचे किमान भाडे सहा रुपये ठेवले. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाने जाणारे लोक काही दिवसांतच पुन्हा बसच्या रांगेत दिसू लागले. माझ्या आईने कित्येक वर्षांनी भाजी आणायला बस धरली.

नंतर काय झाले ते महत्त्वाचे आहे. त्याच सुमारास कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस राखण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात जुन्या बस मोडीत निघत गेल्या, त्यांची जागा भाडेतत्त्वावरच्या बसनी घेतली आणि एकूण ताफाही आटला. भाडे पाच रुपये राहिले, थांब्यावरची प्रतीक्षा मात्र लांबत गेली. ९ मे २०२५ पासून किमान भाडे दहा रुपये आणि वातानुकूलित बसचे बारा रुपये झाले, तेव्हा माझ्या ओळखीच्या अनेकांची प्रतिक्रिया 'बस येत असेल तर दहा द्यायला हरकत नाही' अशी होती. या वाक्याने मला वाईट वाटले, कारण ज्यांना दहा द्यायला हरकत आहे ते या गप्पांमध्ये नव्हते.

माणगंगा यांना एक सावधगिरीची सूचना करतो. भाडेतत्त्वावरच्या बसचे पैसे पुरवठादाराला किलोमीटरप्रमाणे मिळतात, म्हणजे तुम्ही म्हणता तशी ही एका अर्थी फेऱ्यांचीच खरेदी आहे. तरीही काही पुरवठादारांनी मुदत संपण्याआधी सेवा बंद केली आणि रस्त्यावरच्या बस एका रात्रीत कमी झाल्या. फेरी विकत घेणारा जागरूक नसेल, तर फेरी विकणारा कधीही दुकान बंद करू शकतो.

पेठेतली_पायरी

पुण्याबद्दल लिहिते. आमच्याकडे दोन महापालिकांची मिळून एक बससेवा आहे. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी यांचे विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल झाली आणि संचलनातील तूट पुणे साठ टक्के, पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के अशी उचलते. जून २०२५ मध्ये किमान तिकीट पाचाचे दहा झाले, दैनंदिन पास चाळीसचा सत्तर झाला आणि मासिक पास नऊशेचा पंधराशे.

आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या ताईंचा हिशोब त्यांच्याच शब्दांत मांडते. त्यांना घरून इथे येताना एकदा बस बदलावी लागते. आपल्याकडे बस बदलली की तिकीट नव्याने काढावे लागते, पहिल्या तिकिटाचा दुसऱ्या बसमध्ये काही उपयोग नसतो. दोन बसचे जाऊन-येऊन चार तिकिटे होतात आणि मधल्या वेळेत दुसऱ्या कामाला जायचे असेल तर पाचवे. त्यांना मासिक पासच स्वस्त पडतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. पण पगार तीन घरांतून तीन वेगवेगळ्या तारखांना येतो, त्यामुळे एक तारखेला पंधराशे रुपये एकरकमी हातात कधीच नसतात. म्हणून ज्याच्याकडे पैसे कमी, तो दिवसाच्या हिशोबाने जास्त भरतो. किराण्यातही असेच घडते, पाव किलो तेल घेणाऱ्याला लिटर नेहमी महाग पडते.

मला मोफत बस नको आहे. दोन तासांत कितीही बस बदलल्या तरी तिकीट एकच, आणि महिन्याभरात काढलेल्या दैनंदिन पासांची बेरीज मासिक पासाच्या किमतीला पोहोचली की पुढचे दिवस आपोआप विनामूल्य, एवढे केले तरी माझ्या माहितीतल्या निम्म्या कष्टकरी बायकांचा प्रश्न सुटेल. तिकिटाचे पैसे आता मोबाईलवर घेतले जातात, तेव्हा हा हिशोब ठेवणे अवघड नसावे.

सडेतोड

सर्वांचे म्हणणे वाचले. मी विरोधी मत नोंदवतो. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे. आज महिलांना अर्धे दिले, उद्या पूर्ण मोफत करा म्हणतील, परवा पुरुषही मागतील. निवडणुका आल्या की याची बोली लागते. कर भरणाऱ्या मध्यमवर्गाने हे किती दिवस सोसायचे? शिवाय एकदा दिलेली सवलत कोणत्याही पक्षाला काढून घेता येत नाही. मला वाटते सवलत फक्त विद्यार्थी, अपंग आणि खरोखर गरीब यांनाच असावी.

जुना_ट्रे

सडेतोडसाहेब, 'खरोखर गरीब' ओळखायचा कोणी? गाडी फलाटावर लागली आहे, साठ माणसे दारात आहेत आणि मी एकेकाचे शिधापत्रिकेचे रंग पाहत बसायचे, हे तुम्ही डोळ्यांसमोर आणून पाहा. अर्ध्या तिकिटाची योजना चालली, कारण ती देताना वाहकाला काही तपासावे लागत नाही. ज्येष्ठांच्या सवलतीत वयावरून होणारी हुज्जत मी भोगलेली आहे. चौसष्ट वर्षांचा माणूस पासष्टचा असल्याचे शपथेवर सांगतो आणि पुढून 'घंटी वाजवा' म्हणून चालक ओरडत असतो.

सीमेवरची

बेळगावहून लिहिते आहे. आमच्याकडे ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना लागू आहे आणि कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये पूर्ण मोफत प्रवास मिळतो. आम्ही मराठी बोलणाऱ्या बायकाही कर्नाटकच्याच रहिवासी असल्याने ओळखपत्र दाखवून शून्याचे तिकीट घेतो. सीमाप्रश्नात सरकार कोणाचे हे घरात रोज चर्चिले जाते, पण या तिकिटाला कोणी नाही म्हटलेले मी ऐकलेले नाही.

गंमत पुढे आहे. माझी बहीण कोल्हापूरला असते. आंतरराज्य गाडीत शक्ती चालत नाही, म्हणून आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणी निपाणीपर्यंत कर्नाटकच्या साध्या बसने मोफत जातात आणि तिथून कोल्हापूरची गाडी धरतात. महाराष्ट्राच्या गाडीत अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्याने निपाणी ते हद्द हा तुकडा पूर्ण भाड्याचा पडतो. एकाच रस्त्यावर शून्य, पूर्ण आणि अर्धे अशी तीन भाडी लागतात. निपाणीच्या स्थानकावर डबा उघडून बसलेल्या बायका पाहिल्या की समजावे, या भाडे वाचवणाऱ्या आहेत. वेळ दीड तास जास्त लागतो. ज्यांच्या वेळेला कोणी किंमत देत नाही, त्यांना वेळ खर्च करून पैसे वाचवणे परवडते, हे लिहितानाही मला बरे वाटत नाही.

सडेतोड यांच्या माहितीसाठी आणखी एक मुद्दा. योजना आणताना काही बसमध्ये निम्मी आसने पुरुषांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडे पंधरा टक्के वाढले. वाढीचा थेट भार अर्थातच पुरुषांवर पडला. महिलांना मोफत देऊन इतरांचे भाडे वाढवत नेले, तर एका घरातली बचत त्याच घरातून वसूल होते, हे मला मान्य आहे.

ऱ्हाइनकाठ

मी गेली नऊ वर्षे जर्मनीत आहे. इथला आणि शेजारचा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण लक्झेंबर्गचे नाव या विषयावर हमखास येते. तिथे १ मार्च २०२० पासून देशभर रेल्वे, ट्राम आणि बस मोफत आहेत, फक्त पहिल्या वर्गाला तिकीट आहे. मात्र मोफत करण्याआधीही तिकिटांतून खर्चाच्या दहा टक्क्यांहून कमी रक्कम मिळत होती. जी सेवा नव्वद टक्के आधीच करातून चालते, तिचे शेवटचे दहा टक्के सोडणे आणि जी संस्था मुख्यतः तिकिटांवर जगते तिचे तिकीट काढून घेणे, या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत.

एस्टोनियातल्या टालिन शहराने २०१३ मध्ये नोंदणीकृत रहिवाशांना बस मोफत केली. त्यामुळे बाहेरून येऊन राहणाऱ्यांनी शहरात नोंदणी केली आणि पालिकेचा कराचा वाटा वाढला, हा हुशारीचा भाग. पण बसमध्ये नव्याने आलेल्यांत मोटार सोडून आलेल्यांपेक्षा पूर्वी पायी जाणारे अधिक निघाले. तेव्हा मोफत बसमुळे रस्त्यावरची कोंडी आपोआप सुटेल, अशी आशा कोणी ठेवू नये. गरिबाचे पैसे वाचतात, हे कारण स्वतःच पुरेसे आहे, त्याला कोंडीचे टेकू लावण्याची गरज नाही.

आमच्या जर्मनीत २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने नऊ युरोत देशभर फिरता येत होते. मे २०२३ मध्ये त्याचे एकोणपन्नास युरोंचे कायमचे तिकीट झाले, २०२५ मध्ये ते अठ्ठावन्नवर गेले. केंद्र आणि राज्ये पैसे कोणी द्यायचे यावर दरवर्षी भांडतात. भांडण इथेही तेच आहे, फक्त रेल्वे अधिक गुळगुळीत रुळांवर चालते. (उशिरा येण्याबाबत मात्र जर्मन रेल्वेने सर्व भारतीयांचा न्यूनगंड दूर केला आहे.)

या सगळ्यांत अनुकरण करण्यासारखी व्यवस्था मला फ्रान्सची वाटते. तिथे अकरा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाकडून पगाराच्या काही टक्के वाहतूक कर घेतला जातो आणि तो स्थानिक बस-ट्रामवर खर्च होतो. कामगार वेळेवर पोहोचण्याचा फायदा मालकाला होतो, म्हणून त्याने वाटा उचलावा, हा त्यामागचा साधा विचार आहे. डंकर्क शहराने २०१८ मध्ये बस मोफत केल्या, त्यामागे हा करही होता आणि त्यांनी मोफत करण्याबरोबर बसचे मार्ग नव्याने आखून फेऱ्या वाढवल्या, हे विसरू नये.

माणगंगा

ऱ्हाइनकाठ, फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही. आपल्याच राज्यात याचा पूर्वज आहे. पगाराच्या पावतीवर दरमहा साधारण दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात आणि वर्षाला त्याची कमाल मर्यादा अडीच हजार आहे. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी शहरातल्या पगारदाराने भरावी, हे महाराष्ट्राने तेव्हा कायद्याने मान्य केले होते. आमच्या माणदेशातले किती रस्ते त्या मजुरीतून झाले, ते आमच्या आजोबांच्या पिढीला विचारा. ज्या करातून तो रस्ता झाला, त्याच धर्तीच्या करातून त्या रस्त्यावर गाडी धावावी, ही मागणी अवाजवी वाटत नाही. औद्योगिक वसाहतींमधले कारखाने आज स्वतःच्या खासगी बस भाड्याने घेतात आणि त्या बस सार्वजनिक गाडीला ओलांडून निम्म्या रिकाम्या जातात. त्या खर्चाचा काही भाग शहर बससेवेकडे वळवला, तर कंत्राटी कामगारालाही गाडी मिळेल, ज्याला कारखान्याची बस सहसा चढू देत नाही.

डबलडेकर यांचा इशारा मला पटतो. किलोमीटर मोजून पैसे देण्याला मीही फेरीची खरेदी म्हणणार नाही. गाडी ठरल्या वेळी ठरल्या थांब्यावर आली का, हे पाहून पैसे द्यायला हवेत, आणि पाहणारा मंत्रालयात बसलेला नको.

हिशोबनीस

व्यवसाय कराचा मुद्दा चांगला आहे, पण त्याच्या इतिहासातला दुसरा धडाही घ्या. एका कामासाठी आलेला कर कालांतराने तिजोरीच्या सर्वसाधारण पाण्यात मिसळतो आणि मूळ काम पुन्हा हात पसरून उभे राहते. बससाठी कर घ्यायचा तर तो बससेवेच्या खात्यातच जमा व्हावा, वाटेत तिजोरीचा थांबा नको.

वळणावरची_शाळा

मी ग्रामीण भागात शिक्षिका आहे. मोफत पास आणि गाडीची वेळ यांचा संबंध सांगते. याआधी मी ज्या गावात होते, तिथली शाळा सुटल्यावरची गाडी एका सत्रात बंद झाली. कोणत्या सेवेची, कोणत्या गावाची, हे लिहीत नाही. शाळा पाच वाजता सुटायची आणि पुढची गाडी पावणेआठला होती. नववीतल्या सहा मुलींपैकी चौघींच्या पालकांनी दिवाळीनंतर त्यांना पाठवणे थांबवले. सगळ्यांकडे मोफत पास होते. एकीची आई मला म्हणाली, "बाई, पास हाय की. गाडीच न्हाई, तर पास काय गळ्यात घालू?" त्या मुलींचे त्या वर्षीचे पास मी बराच काळ टेबलाच्या खणात ठेवले होते.

म्हणून माणगंगा यांच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे, फक्त एक भर घालते. फेरी रद्द करण्याचा निर्णय भारमान पाहून घेतला जातो. त्या गाडीत किती प्रवासी होते, इतकेच त्यात दिसते, ते कोण होते हे दिसत नाही. नऊ प्रवाशांपैकी सहा शाळकरी मुली असतील, तर ती गाडी कमी भरलेली कशी म्हणायची?

सडेतोड

हा प्रतिसाद वाचून मी थांबलो. सवलतीविषयीचे माझे मत कायम आहे, परंतु फेऱ्या राखण्यासाठी माझ्या करातून पैसे जाणार असतील तर माझी तक्रार नाही. मला माझे पैसे कशावर गेले हे दिसले पाहिजे, एवढीच अट आहे.

जुना_ट्रे

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिकिटाच्या यंत्रात असते. पूर्वी ट्रेमधून तिकीट फाडले की वाहकाला फेरीअखेर तिकिटांचे क्रमांक लिहून हिशोब द्यावा लागे, त्यातून माणूस कोण होता हे कळत नसे. आता प्रत्येक तिकिटाबरोबर कोणत्या थांब्यावरून कुठपर्यंत, किती वाजता आणि कोणत्या सवलतीत, याची नोंद होते. आजींच्या शून्याच्या तिकिटाचीही. पासधारकांची नोंद मात्र वाहकाने यंत्रात केली तरच होते आणि गर्दीत ती राहून जाते, म्हणून शाळेच्या गाड्या कागदावर दिसतात त्यापेक्षा जास्त भरलेल्या असतात. भारमानाच्या तक्त्यात मुली न दिसण्याचे हे एक कारण आहे.

माणगंगा

ही माहिती मला नव्हती. तसे असेल तर आमच्या आगारातल्या पाच ग्रामीण फेऱ्यांची तीन महिन्यांची सवलतनिहाय तिकिटे मी माहिती अधिकारात मागवतो. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आले की इथेच मांडीन. अर्जात नेमके काय लिहावे, हे जुना_ट्रे यांनी सांगावे.

जुना_ट्रे

'अमुक गावाची संध्याकाळची गाडी' असे लिहू नका, उत्तर मोघम मिळेल. स्थानकातल्या वेळापत्रकाच्या फलकावरून सुटण्याची वेळ आणि मार्ग उतरवून घ्या, त्यावरून आगारात नियत क्रमांक, म्हणजे त्या ठरलेल्या फेरीला आगाराने दिलेला क्रमांक, विचारा आणि अर्जात तोच लिहा. तीन महिने मागताना त्यांत एक महिना शाळेचा आणि एक सुट्टीचा येईल असे पाहा, म्हणजे मुली कुठे गेल्या ते आकड्यांतच दिसेल. आणि रद्द फेऱ्यांची यादी त्याच अर्जात वेगळ्या मुद्द्याखाली मागा. जी गाडी सुटलीच नाही, तिचे एकही तिकीट यंत्रात नसते.